गंजलेल्या जीपचा जीर्णोद्धार : चॅसी बदलण्यापूर्वी हे तपासा

परभणी (प्रतिनिधी) : गावाबाहेरच्या आखाड्यावर, लिंबाच्या झाडाखाली वर्षानुवर्षे उभी असलेली जुनी जीप परभणी जिल्ह्यात अनेकांच्या पाहण्यातली असते. टायर जमिनीत रुतलेले, ताडपत्रीचे छत फाटलेले, तळाच्या पत्र्याला भोके पडलेली. मालकाला ती भंगारात घालवत नाही आणि चालवताही येत नाही. अशी गाडी पुन्हा उभी करण्याचे मनावर घेतले की गॅरेजमध्ये बहुधा एकच सल्ला मिळतो. चॅसी गेली आहे, दुसरी टाकून घ्या.

सल्ला सोपा वाटतो. गंजलेला सांगाडा दुरुस्त करण्याच्या कटकटीतून सुटका होते आणि काम लवकर आटोपते. मात्र चॅसी हा दिवा किंवा आरसा यांसारखा सुटा भाग नाही. ती मोटारीचा कणा आहे आणि सरकारदरबारी तीच मोटारीची ओळख आहे. पुरेसा विचार न करता ती बदलली तर लोखंड वाचते, पण गाडी हातची जाते. म्हणूनच हे काम पाना हाती घेण्यापूर्वी समजून घेणे आवश्यक ठरते.

कोणत्या गाडीला चॅसी असते?

सर्वच मोटारींना स्वतंत्र चॅसी नसते. मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी किंवा २०१४ पर्यंत उत्पादन सुरू असलेली अ‍ॅम्बॅसेडर या गाड्यांचा सांगाडा आणि बाहेरचा पत्रा एकजीव असतो. त्यांच्या बाबतीत 'चॅसी बदलणे' या शब्दाला अर्थच उरत नाही. तेथे गंजलेला पत्रा कापून नवा जोडणे हाच मार्ग असतो.

जीपची रचना वेगळी आहे. पोलादाचे दोन लांब साइड मेंबर आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर अशी शिडीसारखी चौकट तळाशी असते. इंजिन, गिअरबॉक्स, पाटे, अ‍ॅक्सल आणि स्टीअरिंग या चौकटीवर बसतात. वरची बॉडी बोल्टने आवळलेली असते. मद्रासमध्ये तयार झालेली स्टँडर्ड हेराल्ड ही छोटी मोटारही स्वतंत्र चॅसीवर बांधलेली होती. अशा गाड्यांची बॉडी उचलून चॅसी मोकळी करता येते, म्हणूनच ती बदलण्याचा विचार सुचतो.

याची उलट बाजू एसटी महामंडळाच्या कार्यशाळांत पाहावयास मिळते. पुण्याजवळील दापोडी, छत्रपती संभाजीनगरातील चिकलठाणा आणि नागपूरजवळील हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत जुन्या बसची जीर्ण बॉडी उतरवून त्याच चॅसीवर नवी बॉडी बांधण्याचे काम झाले आहे. अंगरखा नवा, हाडे जुनी. बस तीच राहते, कारण चॅसी तीच असते. जीपच्या बाबतीत नेमकी हाडेच बदलण्याचा प्रश्न असतो आणि तेथेच पेच निर्माण होतो.

महाराष्ट्रातील जीप

दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. मुंबईत १९४५ मध्ये 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी स्थापन झाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. याच कंपनीने १९४७ पासून विलीज जीप भारतीय रस्त्यांवर आणली. उंच बॉनेटचे सीजे-३बी हे मॉडेल अमेरिकेत १९५३ ते १९६८ या काळात तयार झाले. महिंद्राने मात्र त्यानंतरही अनेक वर्षे त्याच घडणीच्या जीप बनवल्या.

पक्के रस्ते मोजके होते त्या काळात सरकारी खात्यांची भिस्त याच गाडीवर होती. लिलावात निघालेल्या जीप पुढे शेतकऱ्यांकडे, कापूस व्यापाऱ्यांकडे आणि वडाप करणाऱ्यांकडे आल्या. या प्रवासात अनेकींची इंजिने बदलली, बॉडी लांबवली गेली, पेट्रोलच्या जागी डिझेल आले. त्यामुळे आज आखाड्यावर उभी असलेली जीप कागदोपत्री एक आणि प्रत्यक्षात दुसरीच असण्याची शक्यता बरीच असते.

काळी माती आणि गंज

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. मराठवाड्याची हवा समुद्रकिनाऱ्यासारखी खारट नाही, तरीही येथील गाड्यांच्या चॅसी कुजतात. त्याचे एक मोठे कारण काळी माती हे आहे. ही चिकण माती ओल धरून ठेवते. पावसाळ्यात चाकांनी उडवलेला चिखल साइड मेंबरच्या खोबणीत, पाट्यांच्या ब्रॅकेटमागे आणि क्रॉस मेंबरच्या सांध्यात जाऊन बसतो. वरून तो वाळलेला दिसतो, पण आत ओल टिकून राहते. पाऊस संपला तरी त्या कोपऱ्यात गंजण्याचे काम सुरूच राहते.

शेतीच्या गाडीत आणखी एक शत्रू असतो. खतांच्या गोण्या. सांडलेले रासायनिक खत हवेतील ओलावा ओढून घेते आणि त्याचे क्षारयुक्त पाणी तळाच्या फटींतून चॅसीवर उतरते. बॅटरीखालचा भाग आम्लाने खाल्ला जातो. दोन पत्रे रिव्हेटने जोडलेल्या जागी गंज फुगून पत्रे एकमेकांपासून दूर ढकलतो, कारण मूळ लोखंडापेक्षा गंज कितीतरी अधिक जागा व्यापतो. बंद पेटीसारख्या भागात तर गंज आतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतला पत्रा कागदाइतका पातळ झालेला असू शकतो.

सर्वप्रथम क्रमांक शोधा

जीर्णोद्धाराची सुरुवात पान्ह्याने न करता कागद आणि पेन्सिलने करावी. चॅसी क्रमांक कंपनी आणि मॉडेलनुसार वेगवेगळ्या जागी कोरलेला किंवा पाटीवर ठोकलेला असतो. तो सापडल्यावर मऊ ब्रशने स्वच्छ करावा, त्याचे छायाचित्र काढावे आणि परिवहन कार्यालयात घेतात तसा पेन्सिलने घासून कागदावर ठसा घ्यावा. नोंदणी पुस्तकातील क्रमांकाशी प्रत्येक आकडा पडताळून पाहावा.

हा क्रम पाळणे महत्त्वाचे आहे. गंज काढण्यासाठी सँड ब्लास्टिंग केले किंवा ग्राइंडर फिरवला तर उथळ कोरलेले आकडे कायमचे पुसले जाऊ शकतात. त्यामुळे साफसफाईपूर्वी क्रमांकाची जागा जाड पट्टीने झाकून ठेवावी. आकडे पुसट झाले असतील तर आहे त्या स्थितीतच ते परिवहन अधिकाऱ्यांना दाखवावेत. ते पुन्हा ठोकून 'स्पष्ट' करण्याचा मोह टाळावा. हेतू कितीही चांगला असला तरी क्रमांकाशी छेडछाड केल्याचा संशय त्यातून येतो.

ठोकून पाहा, मोजून पाहा

बॉडी उतरवण्यापूर्वी दरवाजाच्या चौकटीत आडवे आधार लावावेत, अन्यथा सैल झालेला पत्रा उचलताना वाकतो. नट-बोल्ट आणि ब्रॅकेट खुणा करून डब्यांत ठेवावेत. चेन कप्पीने बॉडी उचलल्यावर चॅसी भक्कम घोड्यांवर समपातळीत ठेवावी. चिखल खरवडून ती धुऊन पूर्ण वाळवावी.

यानंतर छोट्या हातोडीने वीतभर अंतरावर ठोकत जावे. निरोगी पोलाद खणखणीत वाजते, कुजलेला भाग बद्द वाजतो. जेथे आवाज बदलतो तेथे खडू लावावा आणि टोकदार पेचकसाने दाबून पाहावे. पाट्यांचे हँगर, शॅकलची जागा, स्टीअरिंग बॉक्सचा आधार, इंजिनाचे माउंटिंग आणि मागचा क्रॉस मेंबर हे भाग विशेष काळजीने तपासावेत.

चॅसी वाकलेली आहे का, हे पाहण्यासाठी महागड्या यंत्राची गरज नाही. दोन्ही बाजूंच्या समान छिद्रांतून ओळंबा सोडून फरशीवर खुणा कराव्यात आणि तिरक्या कोपऱ्यांतील अंतरे टेपने मोजावीत. दोन्ही कर्ण सारखे भरले पाहिजेत. काही मिलिमीटरपेक्षा अधिक फरक आला तर चौकट पिळलेली किंवा सरकलेली आहे असे समजावे. अशा चॅसीवर केलेला रंग कितीही सुंदर असला तरी गाडी सरळ धावणार नाही.

दुरुस्ती केव्हा, बदल केव्हा?

गंज काही ठरावीक जागीच असेल आणि बाकीचे पोलाद निरोगी असेल तर मूळ चॅसी दुरुस्त करणे हाच योग्य मार्ग होय. कुजलेला तुकडा चकचकीत पोलाद लागेपर्यंत कापून काढावा. तेवढ्याच जाडीचा तुकडा त्या जागी बसवावा. भोकावर वरून पत्रा चिकटवणे ही दुरुस्ती नव्हे. त्या पत्र्याआड पाणी साचते आणि पुढचा गंज डोळ्याआड वाढतो.

साइड मेंबरला आधारपट्टी द्यायची असल्यास तिची टोके सरळ उभी न कापता तिरकी किंवा समभुज आकाराची ठेवतात. सरळ उभ्या सांध्यावर सर्व ताण एकाच रेषेत येतो आणि तेथेच तडा जाण्याचा धोका असतो. वेल्डिंग एका दमात न करता थोडे येथे, थोडे तेथे असे आलटूनपालटून करावे, म्हणजे उष्णतेने चौकट पिळत नाही. त्यापूर्वी पेट्रोलची टाकी, इंधनाच्या नळ्या आणि बॅटरी गाडीपासून दूर केलेली असावी. हे काम केवळ चांगल्या वेल्डरचे नाही. चॅसीवरचे वेल्डिंग करण्याचा अनुभव असलेल्या कारागिराकडेच ते सोपवावे, कारण पाट्याचा हँगर धावत्या गाडीत तुटला तर प्रश्न जिवाचा असतो.

जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची प्राचीन मंदिरे जिल्ह्याला परिचित आहेत. मंदिराचा जीर्णोद्धार करताना शाबूत दगड फेकून सगळेच नवे बांधले तर जे उभे राहते त्याला जीर्णोद्धार म्हणता येत नाही. जुन्या मोटारींच्या जतनासाठी १९६६ पासून कार्यरत असलेल्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या तुरिन सनदेचे सूत्रही असेच आहे. मूळ भाग शक्य तितका राखावा आणि नवा भाग घालावा लागलाच तर त्यावर पुढील पिढीला ओळखता येईल अशी टिकाऊ खूण करावी.

दोन्ही साइड मेंबर लांबवर कुजले असतील, मुख्य आधारांच्या जागा एकाच वेळी गेल्या असतील किंवा अपघाताने चौकट पिळली असेल, तेव्हाच पूर्ण चॅसी बदलण्याचा विचार करावा.

दुसरी चॅसी निवडताना

जीपच्या सुट्या भागांसाठी हरियाणातील मंडी डबवालीचा बाजार देशभर ओळखला जातो. नव्याने बनवलेल्या चॅसी आणि जुन्या गाड्यांतून निघालेल्या चॅसी असे दोन प्रकार मिळतात. दोन्हींत मापाची खात्री आधी करावी. सीजे-३बी जीपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर ८० इंच, म्हणजे सुमारे २,०३२ मिलिमीटर असते. महिंद्राच्या पुढील अनेक मॉडेलांत ते अधिक आहे. नाव 'जीप' असले म्हणून एकीची चॅसी दुसरीला बसतेच असे नाही. जुन्या चॅसीवरील सर्व छिद्रे, हँगर आणि माउंटिंग यांची मापे कागदावर उतरवून नवी चॅसी त्यांच्याशी ताडून घ्यावी. दोन्ही कर्णही मोजावेत.

दुसऱ्या गाडीतून निघालेली चॅसी घेताना तिच्या कागदपत्रांशिवाय व्यवहार करू नये. ती गाडी चोरीची होती का, तिच्यावर कर्ज किंवा गुन्हा आहे का, तिची नोंदणी रद्द झाली आहे का, हे तपासावे. विक्रेत्याची लेखी पावती घ्यावी. जुन्या चॅसीवरील क्रमांकाचा तुकडा कापून नव्या चॅसीवर जोडणे, हा गॅरेजमध्ये सुचवला जाणारा 'उपाय' सर्वांत घातक आहे. ही क्रमांकाची बनवाबनवी ठरते आणि त्याचे परिणाम मालकाला भोगावे लागतात.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निकालात ही भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरफारासाठी प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास अथवा दोन्हींची तरतूद झाली. म्हणून चॅसी बदलायची असल्यास ती विकत घेण्यापूर्वीच परिवहन कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा. सोबत नुकसानीची छायाचित्रे, मूळ क्रमांकाचा ठसा आणि नव्या चॅसीचे कागद जोडावेत. तोंडी होकारावर विसंबू नये.

पन्नास वर्षांहून जुन्या गाडीच्या मालकाने आणखी सावध राहावे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम लागू केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या दुचाकी आणि प्रवासी मोटारींना ते लागू होतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे आणि नूतनीकरणाचे शुल्क ५ हजार रुपये ठरले. नव्याने नोंदणी होणाऱ्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. आधीपासून नोंदणी असलेल्या गाडीला आपला मूळ क्रमांक राखता येतो. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे किंवा देखभाल यांसाठी रस्त्यावर आणता येते. नेहमीच्या अथवा व्यावसायिक वापराची मुभा नाही.

या नियमांतील व्याख्या बारकाईने वाचण्याजोगी आहे. गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट त्यात आहे. म्हणजेच ज्या बदलाने मालकाला वाटते की आपण व्हिंटेज गाडी वाचवली, त्याच बदलामुळे तिचा व्हिंटेज दर्जा धोक्यात येऊ शकतो. दुरुस्त केलेली मूळ चॅसी आणि पूर्णपणे परकी चॅसी यांतला फरक येथे निर्णायक ठरू शकतो.

व्हिंटेज नोंदणी नको असेल आणि गाडी नेहमीच्या वापरात हवी असेल तर पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाचा मार्ग आहे. त्यासाठी तपासणी, शुल्क आणि राज्याचा पर्यावरण कर भरावा लागतो. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या हलक्या मोटारींचे नूतनीकरण शुल्क १० हजार रुपये करण्यात आले. हा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा.

इतर देशांतही चॅसीला असेच महत्त्व आहे. ब्रिटनमध्ये मूलभूत फेरफार झालेल्या गाडीचा जुना क्रमांक टिकवण्यासाठी जी गुणपद्धती वापरली गेली, तीत चॅसीला ५ गुण तर इंजिनाला अवघा १ गुण होता. त्या पद्धतीत मूळ घडणीची नवी चॅसीही मान्य होती. आपल्याकडील व्हिंटेज नियमांत तशी सूट लिहिलेली नाही.

देवराष्ट्रेची गोष्ट

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील साहित्यातून सुमारे ६० हजार रुपयांत जीपसारखी छोटी चारचाकी तयार केली. किक मारून सुरू होणाऱ्या या गाडीची डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी जाहीर प्रशंसा केली. मात्र ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या तिला रस्त्यावर मज्जाव होईल, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले. जानेवारी २०२२ मध्ये लोहार यांना त्या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो मिळाली. ग्रामीण कारागिराच्या कौशल्यात उणीव नव्हती. उणीव होती ती नियमांत बसणाऱ्या ओळखीची. प्रत्येक कारागिराच्या वाट्याला असा बदला येत नाही.

पाऊस पडण्यापूर्वी

कामाचे वेळापत्रक ऋतूप्रमाणे आखावे. सँड ब्लास्टिंगनंतर उघडे पडलेले पोलाद दमट हवेत काही तासांतच तांबूस होऊ लागते. मे महिन्याच्या दुपारी पारा चाळिशीपार असताना तापलेल्या लोखंडावर रंग नीट बसत नाही. दिवाळीनंतर गाडी खोलावी, थंडीत वेल्डिंग आणि प्रायमर उरकावे आणि मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी गाडी छताखाली उभी राहावी, हा क्रम या भागाला सोयीचा आहे.

पोलाद स्वच्छ होताच त्याच दिवशी जस्तयुक्त किंवा इपॉक्सी प्रायमर मारावा. गंजाचे अंश उरलेल्या खोबणीत फॉस्फरिक आम्ल असलेले द्रावण वापरता येते. ते गंजाचे रूपांतर स्थिर फॉस्फेटमध्ये करते, पण कुजलेल्या पत्र्याला बळ देत नाही. बंद भागात रंग वाळल्यावर मेण फवारावे. पाणी निघून जाण्यासाठी कंपनीने ठेवलेली छिद्रे बुजवू नयेत. काळ्या मातीतून गाडी फिरवल्यावर वरून धुण्यापेक्षा खालून धुणे अधिक गरजेचे आहे.

जुनी चॅसी काढावीच लागली तरी ती लगेच भंगारात देऊ नये. परिवहन कार्यालयाचा निर्णय हाती येईपर्यंत ती क्रमांकासह जपून ठेवावी. गाडी मूळची तीच आहे, हे सांगणारा तोच एक साक्षीदार असतो.